गच्चीवरचं सौर पॅनल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ३३० वॉटची सहा पॅनल सिरीजमध्ये, उभी बसवली आहेत. सकाळी दहापर्यंत टाकीची सावली एका पॅनलच्या खालच्या कडेवर जेमतेम वीतभर पडते. तेवढ्यासाठी अख्ख्या पॅनलएवढी वीज कमी कशी होते?

उत्तर : सावली किती मोठी आहे यापेक्षा ती कोणत्या कडेवर पडते ते आधी पाहा. तुमच्या पॅनलमध्ये ७२ सेल असणार. एकेक सेल म्हणजे पापडाहून पातळ, ०.२ मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा सिलिकॉनचा चौकोन. त्याच्या एका बाजूला फॉस्फरस मिसळलेला असतो, दुसऱ्या बाजूला बोरॉन. उन्हाने सुटलेले इलेक्ट्रॉन या दोन थरांच्या सीमेवर एकाच दिशेला ढकलले जातात. एका सेलचा दाब साधारण अर्धा व्होल्ट, म्हणून ७२ सेल एकामागोमाग जोडतात आणि ३७ व्होल्टच्या आसपास मिळतात.

एकामागोमाग जोडल्यावर सगळ्यांतून करंट सारखाच जातो. झाकलेला सेल तेवढा करंट देऊ शकत नाही. उलट बाकीच्यांची वीज तोच खातो आणि तापतो. हे टाळायला मागच्या जंक्शन बॉक्समध्ये तीन बायपास डायोड असतात, २४ सेलांच्या एकेका गटाला एक. गट अडला की डायोड त्याला वगळून करंट पुढे नेतो. गोम अशी, की हे गट पॅनलच्या लांबीच्या दिशेने, दोन-दोन ओळींचे असतात. पॅनल उभं असलं की खालच्या आखूड कडेवरची सावली तिन्ही गटांना एकदमच शिवते आणि पॅनल बाद होतं. तेच पॅनल आडवं लावलं, तर ती सावली एकाच गटावर पडेल आणि उरलेले दोन गट चालतील. टाकी हलवण्यापेक्षा एवढं एक पॅनल फिरवणं स्वस्त. (अर्ध्या कापलेल्या सेलांच्या नव्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेले असतात. तिथे खालची कड झाकली तरी वरचा अर्धा भाग चालू राहतो.)

सावली सरकल्यावरही वीज कमीच राहिली, तर डायोड तपासून घ्या. आधी इन्व्हर्टर, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करायचा. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगीची कमान तुटत नाही आणि हात भाजतो. भर उन्हात सुट्या पॅनलचा व्होल्टेज मोजा. काहीही न जोडता मिळणाऱ्या व्होल्टेजचा (Voc) ४६ चा छापील आकडा असून ३० च्या आसपास दिसला, तर एक डायोड शॉर्ट झाला आहे.

प्रश्न : मे महिन्यात ऊन कडक, तरी दुपारी आकडा छापील वॉटपर्यंत जात नाही. पॅनल खराब आहे का?

उत्तर : नाही. छापील वॉट सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. मे महिन्यात गच्चीवर सेल ६० अंशांवर सहज जातो आणि दर अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे १२ ते १४ टक्के तिथेच गेले. पॅनल स्लॅबला चिकटवून बसवलं असेल तर आणखी जातात. खालून वारा खेळायला निदान वीतभर जागा हवी.

प्रश्न : वर्सोव्याला समुद्र अगदी समोर आहे. पॅनल गंजेल का?

उत्तर : काच आणि ॲल्युमिनियमची चौकट टिकते; आधी खाल्ला जातो तो सांगाडा, नट-बोल्ट आणि कनेक्टर. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) घ्या, बोल्ट स्टेनलेसचे. छिद्र जागेवर पाडलं तर उघडं पडलेलं लोखंड झिंक पेंटने लगेच झाकायचं. गंज तिथूनच सुरू होतो. पॅनलला आयईसी ६१७०१ ही खारट हवेची चाचणी झालेली आहे का, ते खरेदीआधीच विचारा. धुणं पहाटे, साध्या पाण्याने आणि मऊ वायपरने. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. बोअरवेलचं पाणी तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात.

प्रश्न : वीज गेली की सौर वीजही बंद होते. का?

उत्तर : बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेला इन्व्हर्टर मुद्दामच बंद होतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून झटका बसेल.