आईला खोलीबाहेर बसवू नकोस

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रात, वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून कंत्राटी नेमणूक, नूतनीकरणाची कायमची टांगती तलवार, ‘बोलायला शिकवणाऱ्या मॅडम’ एवढीच ओळख आणि दुसरीकडे पुण्यातील खासगी क्लिनिकचे बोलावणे, हे सगळे तू मोकळेपणाने लिहिलेस. चार वर्षे शिकून, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी मिळवून आपण इथे नेमके काय साधतो आहोत, असे तू विचारतेस. मला मात्र त्या पत्रातले दुसरेच एक वाक्य टोचले. ‘गर्दी फार असते, म्हणून पालकांना बाहेर बाकावर बसवून मुलाला अर्धा तास आत घेते,’ असे तू सहज लिहून गेलीस. माझे उत्तर तिथूनच सुरू होते.

आईला बाहेर बसवू नकोस. आजी घेऊन आली असेल तर आजीला आत घे, मामा आला असेल तर मामाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडच्या एखाद्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून, एसटी बदलत जी बाई तुझ्यापर्यंत येते, ती महिन्यातून एकदा आली तरी खूप झाले. त्या एका अर्ध्या तासात तू मुलाकडून कितीही चांगले काम करून घेतलेस, तरी उरलेला महिना ते मूल तिच्याजवळ असणार आहे. तिला काय करायचे ते ठाऊक नसेल, तर तुझा अर्धा तास वाया गेला असे मी स्पष्टच म्हणेन.

एका आईने मुलाचे श्रवणयंत्र स्वच्छ फडक्यात बांधून लोखंडी पेटीत ठेवलेले मी पाहिले आहे. एवढी महागाची वस्तू, पोरगा हरवेल, म्हणून. फाइलमध्ये ‘यंत्र दिले’ अशी नोंद होती, त्यामुळे सरकारदरबारी ते मूल ऐकत होते. मी तिला रागावले नाही. तिला जवळ बसवून यंत्र मुठीत धरायला लावले आणि बारीक शिट्टी वाजली की सेल चालू आहे, हे ओळखायला शिकवले. कानातला साचा धुवायचा, पण यंत्राला पाणी लागू द्यायचे नाही, हे तिच्याकडूनच करवून घेतले. मग मुलाच्या मागे उभे राहून, तोंड दिसू न देता, आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज एकेक करून काढायचे आणि आवाज आला की मुलाने बाटलीचे झाकण डब्यात टाकायचे, हा रोज सकाळचा पाठ तिला दिला. मी नुसती पाहत होते, सगळे तिने केले. पुढच्या खेपेला ती खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाली, “मॅडम, बाकी समदं आयकते, पण ‘स’ म्हटलं का झाकण टाकतच नाही.” यंत्रात कोणता बदल हवा, याचा धागा मला त्या अंगठा लावणाऱ्या बाईने दिला. ती बाकावर बसली असती, तर तो मला कधी मिळाला असता?

मोठ्यांच्या बाबतीतही हेच. लकव्यानंतर वाचा गेलेल्या म्हाताऱ्याची बायको आत हवी. खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंडाचा कर्करोग होऊन जिभेचा भाग काढलेल्या माणसाची बायकोही हवी, कारण त्याला ताठ बसवून लहान लहान घोट देणे आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ न देणे हे घरात तिलाच पाहावे लागते. घास श्वासनलिकेत गेला, तर तिथे तू नसतेस.

माझे मासिक आकडे नेहमी कमी असत. मला एका मुलाला जितका वेळ लागे, तेवढ्यात इतरत्र तिघांची नोंद होई. आढावा बैठकीत एका वरिष्ठांनी सर्वांसमोर याचा जाब विचारला होता. मी पद्धत बदलली नाही, आणि मुदतवाढीच्या वेळी त्याची किंमतही मोजली. लोक मला हट्टी म्हणत, अजूनही म्हणतात. तो हट्ट योग्यच होता, असे मी आजही म्हणते. खंत एवढीच आहे की सातव्या-आठव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यासमोर आलेली कितीतरी मुले त्याच गावांतून आली, जिथून आधी एकही आई माझ्याकडे येऊन काही शिकून गेलेली नव्हती. ‘बापही उशिराच बोलला होता,’ म्हणून घरचे वाट पाहत राहिले आणि त्यांना समजावणारे गावात कोणी नव्हते.

व्यवसायाला मान नाही, असे तू लिहितेस. थोडा मागचा हिशेब पाहा. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 मधली, मुंबईची अली यावर जंग संस्था 1983 मधली. 1995 च्या अपंग कायद्यात श्रवणदोष होता, पण वाचा आणि भाषेचे अपंगत्व स्वतंत्रपणे नव्हतेच. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारांत ते घेतले आणि स्वरयंत्र काढलेल्यांचा व वाचाघात झालेल्यांचा (मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्यांचा) त्यात नावानिशी उल्लेख केला. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि भाषाविकासातील विलंब त्यांच्या यादीत आहे. ही लहान कमाई नव्हे. पण त्याच 2016 च्या कायद्यातील नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणात वाचा-भाषा अपंगत्वाचा गट नाही, तोतरेपणाचे व्याख्येत नावही नाही, आणि तालुक्याच्या गावी आपल्या कामाचे पद शोधावे लागते.

हे पद कोण मागणार? आपल्या संघटनेने निवेदने द्यावीत, तूही सही कर. पण ग्रामसभेत उठून ‘आमच्या तालुक्याला ही मॅडम पाहिजे’ असे म्हणायला आधी मॅडम काय करते, हे डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. बाकावर बसलेल्या आईने बंद दार पाहिले, दुसरे काय पाहिले? ती काय मागणार? म्हणून पुन्हा सांगते, तुला कंटाळा येईपर्यंत सांगेन: तिला आत घे, तिच्या हातून करवून घे, आणि तिला जमल्याशिवाय उठू नकोस.

गर्दीचे कारण मला सांगू नकोस. एकाच अडचणीची चार मुले आली, तर चौघांच्या आयांना एकत्र बसव. त्या एकमेकींकडून तुझ्यापेक्षा लवकर शिकतात.

पुण्याला जाऊ नकोस, असे मी म्हणणार नाही. तुझ्या घरी कर्ज आहे, लहान भावाचे शिक्षण आहे, हे मला ठाऊक आहे, आणि गरजेपुढे उपदेश करणे मला आवडत नाही. मुलाखतीत मात्र पगाराआधी एक प्रश्न विचार: उपचाराच्या वेळी पालकांना आत बसू देता का? नाही म्हणाले, तर ती जागा तुझी नव्हे. हो म्हणाले, तर जा, आणि जाण्यापूर्वी तुझ्या यादीतील प्रत्येक मुलाच्या घरी रोज काय करायचे, ते त्यांच्या बोलीत लिहून अंगणवाडी सेविकेकडे देऊन जा.

आशीर्वादांसह,
तुझी मॅडम