वाचकांचे प्रश्न : मिरची पूड, बँकेची पायरी आणि गटाचा हिशेब

प्रश्न : आमच्या गटाने मिरची पूड सुरू केली. मिरची 180 रुपये किलो, दळाई 10, पाकिटं 20, म्हणजे खर्च 210. छापील किंमत किलोला 280 ठेवली. नागपूरचे दुकानदार त्यावर 18 टक्के घेतात. माल खपतो, पण हातात काही उरत नाही. शिवाय पूड महिनाभरात गोळे धरते.
– एक वाचक, भिवापूर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही तोट्यात विकताय. 100 किलो मिरचीची 100 किलो पूड होत नाही. देठ, वाळवण आणि दळण मिळून 14 किलो घट धरा. मग 18,000 रुपयांची मिरची 86 किलो पुडीवर पडते, म्हणजे किलोला 209. दळाई 10, पाकिटं-लेबल 20. आता देठ खुडायला बसलेल्या बाया. चौघी दोन दिवस, रोज 300 रुपये, म्हणजे 2,400 रुपये, किलोमागे 28. गटातल्याच बाया असल्या तरी ही मजुरी लिहाच. ती लिहिली जात नाही म्हणूनच हिशेबात नफा दिसतो आणि हात रिकामा राहतो. वाहतूक 6 धरली की खर्च 273. दुकानदाराचा हिस्सा वजा जाता 280 मधले तुमच्या हाती येतात जेमतेम 230. किलोमागे 43 रुपये खिशातून जातात.

छापील किंमत 340 केली तर 279 मिळतात, 6 रुपये उरतात. 360 ला 22 उरतात. तेवढा भाव मिळत नसेल तर दुकान सोडून थेट विका : आठवडी बाजार, ओळखीच्या सोसायट्या, प्रदर्शनं. दहा दुकानांत उधारीवर माल अडकवण्यापेक्षा पन्नास कायमची घरं बरी. घट मात्र आमच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. एक पोतं आधी तोला, पूड झाल्यावर तोला, वहीत लिहा.

गोळे होतात ते ओलीमुळे. मिरची हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे आणि वाकवली की कडकन मोडली पाहिजे. नुसती लवली तर आणखी एक ऊन द्या. दुसरं कारण गरम पूड. चक्कीतून निघालेली पूड लगेच पाकिटात भरली की आतून वाफ धरते. स्वच्छ कापडावर सावलीत पसरून पूर्ण थंड करा, मगच सील करा. पारदर्शक पिशवीत उजेडाने रंगही उडतो, म्हणून जाड, अपारदर्शक पाकीट घ्या. वजन वाढावं म्हणून कोणी पाण्याचा हबका मारायला सांगितलं तर ऐकू नका. त्याने बुरशी येते, आणि ही बुरशी विषारी असू शकते.

प्रश्न : शेवया-पापडाच्या यंत्रासाठी 3 लाखांचं कर्ज हवं. बँक घराचे कागद मागते, घर सासऱ्यांच्या नावावर आहे. एक माणूस म्हणतो, 35 टक्के सबसिडी मिळवून देतो, आधी 5,000 द्या.
– एक वाचक, कुही तालुका

उत्तर : पैसे देऊ नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्ज भरायला आणि प्रकल्प अहवाल करायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात. त्यांचं मानधन शासन देतं. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. सबसिडीची दुसरी योजना म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्याची माहिती नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातल्या जिल्हा उद्योग केंद्रात मिळते.

10 लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योग कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत नम्रपणे पण ठामपणे हे सांगा, आणि नकार आलाच तर तो कारणासह लेखी मागा. लेखीची वेळ आली की बऱ्याच फायली पुन्हा उघडतात. घराचा कागद तारणासाठी नसला, तरी जागा वापरायला सासऱ्यांचं संमतिपत्र लागेल. पुढचा विचार म्हणून सांगतो, घर पतीच्या नावावर आलं की ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर) दोघांचं नाव लावून घ्या.

सबसिडी हातात येत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगा. 3 लाखांच्या प्रकल्पात तुमचे 30,000, बँकेचे 2,70,000. 35 टक्के सबसिडीचे 1,05,000 बँकेत वेगळे राहतात आणि हप्ते नीट भरले, युनिट चालू राहिलं, तर तीन वर्षांनी कर्जात वळते होतात. मंजुरीपूर्वी यंत्र घेऊ नका, त्याचं बिल धरलं जात नाही. यंत्र घेताना मोटर बघा. गावात सिंगल फेज असेल तर 2 एचपीच्या पुढे जाऊ नका. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोठी मोटर तापते आणि जळते.

आणि मायक्रोफायनान्सचे आठवडी हप्ते चालू असतील तर लपवू नका. बँकेला सिबिलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कर्जाच्या नोंदीत, ते दिसतातच. शक्य तर एखादं कर्ज मिटवून मगच अर्ज करा.

प्रश्न : पाकिटावर काय छापावं? वकील लागतो का?
– एक वाचक, काटोल

उत्तर : वकील लागत नाही. छोट्या उद्योगाला अन्न सुरक्षेची नोंदणी पुरते, ऑनलाइन होते, वर्षाला 100 रुपये शुल्क. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर पूर्ण मोफत आहे. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, छापील किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी फोन, 14 आकडी नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण हवी. तारीख आणि बॅच छापून घेऊ नका, रिकामी जागा ठेवून शिक्का मारा. नाहीतर उरलेली हजारभर पाकिटं रद्दीत जातात.