कायद्याच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी देणग्या कशा मिळवाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, परळमधील आपल्या वाचनालयात कायद्याच्या पुस्तकांचा सर्वांना विनामूल्य खुला असलेला विभाग सुरू झाला, पहिल्या वर्षी पैसेही जमले, पण आता देणग्या आटल्या आहेत. तेव्हा पुढे काय करावे? मी दादरमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात अनेक वर्षे कोषाध्यक्ष होतो आणि असाच विभाग आम्हीही चालवला, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहितो.

माझ्या मते आपण पैसे चुकीच्या गोष्टीसाठी मागितले असावेत. कपाट, टेबल, पंखा यांसाठी देणगी लवकर मिळते, कारण त्यांवर नाव रंगवता येते. कथा-कादंबऱ्यांच्या विभागाला एवढे पुरते. कायद्याच्या विभागाला पुरत नाही, कारण तिथले पुस्तक फाटण्याआधीच जुने होते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतचे दोन कायदे लागू झाले, त्या दिवशी दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांवरील आमची सारी भाष्ये एकदम मागे पडली. आणि तरीही ती टाकून देता येईनात, कारण त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना दंडसंहिताच लागू राहते. म्हणजे नवे घ्या आणि जुनेही सांभाळा. त्यामुळे देणगीदाराकडे मागायचे ते नव्या आवृत्त्या, नियतकालिकांची वर्गणी आणि ग्रंथपालाचा पगार यांसाठी, आणि तेही एकरकमी न मागता दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे वचन म्हणून. आम्ही पत्रात वर्षाचा खर्च रुपयांनिशी मांडू लागलो तेव्हा मोठे देणगीदार वाढले नाहीत, पण लहान देणगीदार टिकू लागले.

पुस्तकांच्या रूपातील दानाबाबत सावध राहावे. एका दिवंगत वकिलांच्या कुटुंबीयांनी ऐन जुलैत निकालपत्रांच्या खंडांची पोती आमच्याकडे पाठवली. टेम्पोचे भाडे आम्हीच दिले, मधले कित्येक खंड नव्हते, सूचीचा पत्ता नव्हता आणि उरलेल्यांना वाळवी होती. देणाऱ्यांची भावना खरी होती, म्हणून कोणाला नाही म्हणवले नाही. तेव्हापासून आम्ही आधी यादी मागवतो आणि जे ठेवणार नाही ते पुढे देण्याची मुभा लेखी घेतो.

‘सगळे मोबाइलवर असताना ग्रंथालय कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक देणगीदार विचारतो, आणि तो रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल २०२३ पासून त्याच्या ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य मिळतात, केंद्रीय कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर आहेत. पण उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतला पागडीचा भाडेकरू मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) खालच्या पुनर्विकासाचा करार घेऊन येतो, तेव्हा त्याला निकालांचा ढीग नको असतो. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधले नेमके कलम काढून देणारे माणूस आणि ते मराठीत समजावणारे पुस्तक हवे असते. ग्रंथपालाने कलम दाखवावे, सल्ला मात्र देऊ नये. सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. हा एक प्रसंग पत्रात लिहिला, तर अन्य आकडेवारीची गरज पडत नाही.

आता कागदपत्रे. आपली संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेली असेल तर उत्तम. नसेल, तर लोकांकडून पैसे गोळा करण्यापूर्वी कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, गणेशोत्सव मंडळे घेतात तीच. आयकरातील देणगीवरच्या वजावटीची मान्यता (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) असल्यास देणगीदाराला सामान्यतः देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, मात्र ₹२,००० हून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यालाही मिळत नाही. हे आधीच सांगावे, नाहीतर वर्षअखेरीस आपल्यालाच बोल लागतो. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) कामांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी स्पष्ट शब्दांत आहे, पण त्यांच्याकडून पैसे मिळवायला तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. शिवाय कंपनीला उद्घाटन हवे असते, वर्गणीचे नूतनीकरण नको असते. अमेरिकेतल्या भाच्याने पैसे पाठवायचे म्हटले, तर त्याचे पारपत्र भारतीय आहे का ते पाहा. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ती रक्कम विदेशी अंशदान ठरते आणि त्यासाठीची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना स्वीकारता येत नाही.

वकील हेच आपले स्वाभाविक देणगीदार, पण त्यांच्या बाबतीत एक पथ्य आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही; म्हणून फलकावर फार तर नाव लिहावे, कार्यालयाचा पत्ता, फोन किंवा ‘मालमत्ता दाव्यांचे तज्ज्ञ’ अशी ओळख लिहू नये, कारण तिथे बसणारा वाचक हाच त्यांचा संभाव्य पक्षकार असतो. आमच्याकडे एका देणगीदाराला हे पटले नाही आणि देणगी गेली. ती जाऊ दिली याचा मला अजूनही खेद नाही.

पावती त्याच दिवशी द्यावी आणि तिच्यावर पैसे कशासाठी घेतले ते लिहावे. पत्रे जानेवारीअखेर पाठवावीत, म्हणजे करबचतीचा विचार करणाऱ्यांच्या हाती ती वेळेत पडतात. वकिलांना मे महिन्यात लिहू नये. उच्च न्यायालयाला सुटी असते, निम्मी मंडळी गावी जातात आणि आपले पत्र जूनमधल्या टपालाच्या गठ्ठ्याखाली सापडते.