मुंग्यांमागे फिरणारा पक्षी मुंग्या खातो का?

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या 'अँटबर्ड' पक्ष्याचं चित्र आहे. तो मुंग्यांच्या फौजेमागे फिरतो, एवढंच खाली लिहिलंय. मग तो मुंग्याच खात असणार ना?
– एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : सहसा नाही. मुंग्यांना भिऊन जे पळतं, ते तो खातो. मांजरेकाठच्या आमच्या वावरात कुळवाची पाळी चालू असली की मी लहानपणी वडिलांच्या मागं मागं चालायचो. ढेकूळ फुटायचं, रातकिडा उडायचा आणि तो भुईला टेकायच्या आत कोतवालानं उचललेला असायचा. बगळे तर कुळवाला अगदी चिकटून. कुळवानं किडा उठवायचा, पाखरांनी टिपायचा.

तिकडं कुळवाचं काम लष्करी मुंग्या करतात. एका वसाहतीत लाखो मुंग्या, आणि शिकारीला निघाल्या की पसरलेली फळी दहा-दहा मीटर रुंद. पालापाचोळ्यातून झुरळं, कोळी, नाकतोडे जीव घेऊन पळतात. अँटबर्ड जमिनीलगतच्या उभ्या काडीला आडवा धरून बसतो, खाली झेपावतो, भक्ष्य उचलून परत काडीवर. फळीच्या तोंडाशी मोक्याची जागा थोरल्या जातीची. धाकट्यांना कडेला सरकावं लागतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. या मुंग्यांना कायमचं वारूळ नसतं. एकमेकींच्या पायांत पाय अडकवून त्या स्वतःच्याच अंगाचा तळ करतात. साधारण 15 दिवस रोज रात्री मुक्काम हलवतात, मग 20 दिवस एकाच जागी राहतात आणि त्या काळात शिकारीला कमीच निघतात. म्हणून पक्षी सकाळी तळाशी येऊन डोकावतो, हालचाल नसली तर दुसरी वसाहत गाठतो. कोणती कुठं आहे, हे त्याला ध्यानात ठेवावंच लागतं. या कुळात 200 हून जास्त जाती आहेत, पण निव्वळ मुंग्यांच्या भरवशावर जगणाऱ्या मोजक्याच.

आणि त्याच जाती नाजूक आहेत. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, तेव्हा 1914 च्या सुमारास एक डोंगर पाण्यानं वेढला गेला. तेच बारो कोलोरॅडो बेट. तिथं लष्करी मुंग्या आजही आहेत, पण 'ऑसेलेटेड अँटबर्ड' ही त्यांच्यामागं फिरणारी थोरली जात बेटावरून नाहीशी झाली. आपला बगळा जायकवाडीचा जलाशय सहज ओलांडतो. दाट सावलीत वाढलेलं हे पाखरू उघड्या पाण्यावरून जायला धजत नाही. वर झाडं उभी, खाली मुंग्या चालू, आणि तरी पक्षी नाही, हे मला फार लागतं.

यंदा पाळीच्या वेळी मुलाला बांधावर बसवा. बगळा कुळवापासून किती पावलं राखतो आणि कोतवाल कुठून झेप घेतो, ते त्यालाच मोजू द्या. त्यानं लिहून पाठवलं तर मी आवडीनं वाचीन.