काचपेपर

*मावशी, माझा मुलगा दोन महिन्यांनी १७ पूर्ण करील. उंची ५ फूट ४ इंच. आठवीत आवाज फुटला, नववीत बघता बघता वाढला, पण गेल्या गणेशचवथीपासून जेमतेम एक सेंटीमीटर. युनिफॉर्मची पँट दोन वर्षं तीच चालते, तेवढाच खर्च वाचला. मी ५ फूट, हे ५ फूट ५. जावेचे दोघे मुलगे मात्र पावणेसहा फुटांच्या वर गेलेत. मी ह्याला रोज पहाटे उठवून बारला लटकायला लावते, उंची वाढवायच्या पावडरीचा २,८०० रुपयांचा डबाही संपत आला. मेस्सीने म्हणे इंजेक्शनं घेतली होती. अजून वाढेल ना? चवथ तोंडावर आली. आरती झाली की आमच्याकडे सगळ्या मुलांची उंची माजघराच्या चौकटीवर मोजतात. त्यात ह्याने परवा काचपेपर लावून आपल्या खुणा घासून टाकल्या, चौकटीचं पॉलिश गेलं, सासूबाई तापल्यात ते वेगळंच. – एक आई, डिचोली*

पॉलिशचं मरू दे गं.

अख्ख्या पत्रात उंची, उंची आणि उंची. काचपेपरला एकच ओळ, आणि त्या ओळीतही काळजी कसली, तर पॉलिशची! जुन्या घराची चौकट म्हणजे सागवान किंवा फणस असणार. पेन्सिलची रेघ खोडरबरानेसुद्धा गेली असती. काचपेपर लागला म्हणजे तुमच्याकडे खुणा सुरीने कोरतात. आता डोळ्यांसमोर आण. घरात कुणी नसताना हा पोर त्या चौकटीपाशी बसला. भावंडांच्या खुणांच्या गर्दीतून त्याने आपल्या तेवढ्या शोधल्या, लहानपणापासूनच्या, कमरेएवढ्या उंचीवरच्याही. शेजारच्या खुणेला धक्का न लावता एकेक घासली. चांगला तासभर गेला असेल. त्याला फक्त त्या चौकटीवरून, त्या यादीतून नाहीसं व्हायचं होतं.

आणि तू विचारतेस, अजून वाढेल का.

सांगते, कारण उत्तर तुझ्याच पत्रात आहे. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या चकत्या असतात, लांबी तिथे वाढते. वयात येताना हार्मोन्स आधी ही वाढ पळवतात आणि मग तेच चकत्यांचं पक्कं हाड करून टाकतात. मुलग्यांमध्येही हे शेवटचं काम इस्ट्रोजेन करतं, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो. मुली साधारण १४-१५पर्यंत थांबतात, मुलगे १६ ते १८च्या दरम्यान. ज्यांचं वयात येणंच उशिरा सुरू होतं ते पुढेही वाढतात. कॉलेजात गेल्यावर ताडमाड झालेला एखादा मामा प्रत्येक घरात असतो, तो ह्या जातीचा. तुझ्या मुलाचा आवाज आठवीत फुटला, म्हणजे तो उशिराचा नव्हे. वर्षाला एक सेंटीमीटर म्हणजे गाडी स्टेशनात शिरतेय. पँटही तेच सांगते: पाय आधी थांबतात, पाठीचा कणा थोडा नंतर. एखाद-दोन सेंटीमीटर अजून मिळतील, तेही पाठीत. पावणेसहा फूट विसर.

आईबापाच्या उंचीवरून ढोबळ अंदाज काढायची एक रीत डॉक्टर वापरतात. मुलगा असेल तर दोघांची बेरीज, त्यात १३ सेंटीमीटर मिळवायचे आणि अर्धं करायचं. तुमचं येतं १६५च्या आसपास. तो आज १६३ आहे. खाण तशी माती, बाई! तो कमी पडलेला नाही, तो तुमच्या दोघांचा आहे. जाऊबाईंची उंची तू लिहिली नाहीस. का नाही लिहिलीस ते मला कळलं.

बार काढ. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबून माणूस सेंटीमीटरभर खुजा होतो आणि झोपला की परत भरून निघतो. लटकून मिळतं ते एवढंच, आणि चहा होईपर्यंत जातंही. त्यापेक्षा पहाटे त्याला झोपू दे. डब्यातली उरलेली पावडर टाकून दे, दुसरा आणलास तर मला पत्र लिहू नकोस. मेस्सीला वाढीच्या हार्मोनची खरोखरच कमतरता होती. ती लहानपणी, दहा-अकराच्या वयात सापडली, आणि एवढं करून तो १७० सेंटीमीटरवर थांबला. चकत्या मिटल्यावर तेच इंजेक्शन घेतलं तर उंची वाढत नाही, हातापायाचे पंजे नि जबडा रुंद होतो. मुलाला स्वतःला शंका असेल तर एकदा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जा. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, त्यात चकत्या उघड्या की मिटल्या ते दिसतं. पण त्याने म्हटलं तर. तू ओढून नेऊ नकोस.

तू प्रेमाने करतेस हे मला माहीत आहे, म्हणूनच जास्त राग येतो. वर्षातून एकदा मोजायचे ते जाऊबाई, सासूबाई, चुलते. रोज पहाटे पाच वाजता कोण मोजत होतं? प्रत्येक लटकण्यात त्याला एकच ऐकू आलं असेल: तू आहेस तेवढा पुरत नाहीस. घरात बाकी सगळे हसले तरी पोरगं आईकडे बघतं. ह्याने तुझ्याकडे बघितलं, तर तुझ्या हातात टेप.

(मी स्वतः ४ फूट ११. वरच्या फळीवरचा डबा आयुष्यभर काठीने ढकलून झेलत आले, एकदाच तो रवा होता.)

आता एक काम कर. उरलेला काचपेपर त्याच्याकडून मागून घे आणि बाकीच्या मुलांच्या खुणा तू घास. तुझ्या हाताने, चवथीच्या आधी, तो घरात असताना. कुणाला फार प्रेम असेल तर आकडे वहीत उतरवून ठेवा, वही कपाटात ठेवा. सासूबाई ओरडतील, ओरडू देत. माझं नाव सांग. जाऊबाई तोंड वाकडं करतील, तेही चालेल. त्याला काही समजावत बसू नकोस, सॉरीही म्हणू नकोस, ह्या वयात त्यांना ते सोसत नाही. घासत राहा. बघ तो किती वेळ लांब उभा राहतो.

आणि गणपतीच्या वर फळं टांगतात ती माटोळी बांधायला ह्या वेळी त्यालाच चढव. नारळाचा घोस, सुपारीचे घड, चिबूड असं सगळं एकेक करून वर द्यायला तू खाली उभी राहा. त्या उंचीला सहा फुटी माणसालाही स्टूल लागतंच, तुमच्या घरातलं कुणी ते कधी मोजलेलं नाही.

– मावशी