‘जसे आहे तसे’ घेतलेल्या विमानात गंज निघाला, तर विक्रेता सुटतो का?

प्रश्न : एका खासगी मालकाकडून मी स्वतःच्या उड्डाणासाठी जुने सेसना २१० घेतले. करारात ‘जसे आहे तसे’ असे कलम आहे. खरेदीपूर्वी मी नेमलेल्या इंजिनिअरने ‘गंज आढळला नाही’ असा अहवाल दिला होता. आता वार्षिक तपासणीत केबिनच्या छताचे अस्तर काढले, तर दोन्ही पंख पेलणाऱ्या आडव्या स्पारवर, म्हणजे धातूच्या तुळईवर, गंजाचे खड्डे निघाले आणि त्यांवर ताजा प्रायमर (रंगाआधीचा थर) मारलेला दिसला. विक्रेता हात वर करतो आहे. पैसे परत मिळतील का?

उत्तर : आधी विमान जमिनीवरच ठेवा. २६ मे २०१९ रोजी ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ याच मालिकेतल्या विमानाचा पंख हवेत तुटून दोघांचा जीव गेला. चीर सुरू झाली होती ती याच स्पारच्या खालच्या बाजूला, गंजाच्या एका खड्ड्यातून. त्यामुळे पैशांची बोलणी काहीही होवोत, ‘तोवर एखादी फेरी मारू’ हा विचार मनात आणू नका.

आता करार. ‘जसे आहे तसे’ हे कलम विक्रेत्याला, त्याला स्वतःलाच माहीत नसलेल्या दोषांपासून वाचवते. फसवणुकीपासून वाचवत नाही. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक आहे. नुसते गप्प बसणे मात्र सहसा त्यात मोडत नाही. म्हणून तुमची खरी भिस्त त्या प्रायमरवर आहे. गंज घासून न काढता वरून थर दिला असेल, तर तो कोणी आणि कधी दिला, यावर सगळे अवलंबून आहे. हे काम आधीच्या मालकाच्या काळातले निघाले, तर दावा बराच लंगडा पडेल.

याचे उत्तर बहुधा लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सापडेल. २०२० मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने या मालिकेतल्या अनेक मॉडेल्सच्या या स्पारची डोळ्यांनी आणि एडी करंटने (धातूतल्या बारीक चिरा विद्युतप्रवाहाने शोधण्याची पद्धत) तपासणी सक्तीची केली. तुमचे मॉडेल त्यात येत असेल, तर ती नोंद असायलाच हवी. नोंद नसेल, तर विमान त्या स्थितीत कसे विकले हे विक्रेत्याला सांगावे लागेल. असेल, तर सही कोणाची आहे ते पाहा.

विक्रेता म्हणेल, ‘तुम्ही तपासून घेतलेत ना?’ थोडी काळजी घेतली असती तर सत्य कळले असते, हा करार कायद्याच्या कलम १९ मधला बचाव चुकीची माहिती देणे किंवा गप्प राहणे यांपुरता आहे. मुद्दाम झाकलेल्या दोषाला तो लागू होत नाही, असे माझे मत आहे. वस्तुविक्री कायद्यातल्या दर्जाच्या गृहीत अटींवर मात्र वेळ घालवू नका. त्या तशा मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यालाच लागू होतात आणि विमाने विकणे हा या माणसाचा धंदा नाही.

इंजिनिअरची बाजू वेगळी. त्याचा अहवाल शब्द न् शब्द वाचा. ‘अस्तर न काढता, दिसेल तेवढेच पाहिले’ असे लिहिले असेल, तर त्याला पकडणे कठीण. पण अस्तर न उघडता ‘स्पार ठीक’ असे लिहिले असेल, तर तो सेवेतला उघड कसूर आहे. विमान व्यवसायासाठी नसल्याने ग्राहक आयोगात जाता येईल. मुदत दोन वर्षांची. फसवणुकीच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षे मिळतात आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजतात.

दुरुस्ती आत्ताच सुरू करू नका. स्पार बदलला की पुरावाही गेला आणि करार रद्द करून विमान परत करण्याची वाटही जवळजवळ बंद झाली. मग उरते फक्त नुकसानभरपाई. विक्रेता आणि इंजिनिअर या दोघांना लेखी नोटीस देऊन तारीख कळवा आणि त्या दिवशी तिसऱ्या, स्वतंत्र इंजिनिअरकडून प्रायमर काढून घ्या. बोलावूनही ते आले नाहीत, तर तसे अहवालात नमूद करा. प्रायमरचे खरवडलेले तुकडे आणि स्पारला फोम चिकटवलेला असेल तर तोही सीलबंद ठेवा; फोम ओल धरून ठेवतो, त्यामुळे गंज कसा वाढला हे सांगायला तो लागेल. फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा आणि ज्या मोबाइलवर काढले तो विकू नका. न्यायालयात त्या फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र द्यावे लागेल.

करार रद्द करायचा की विमान ठेवून भरपाई मागायची, हे नोटिशीआधीच ठरवा आणि नोटिशीत स्पष्ट लिहा.