मित्र "आता यादवीच होणार" म्हणत असेल तर
अरे, लगेच आकडे तोंडावर फेकू नकोस, तो अजून पेटेल. "लिहून ठेव, देश फुटणार" म्हणाला की शांतपणे विचार, नक्की काय बघून वाटलं असं? बऱ्याचदा रात्री दोनला बघितलेला एखादा व्हिडिओच निघतो. अमेरिकेत २०१९ला मोअर इन कॉमन नावाच्या संस्थेने एक सर्व्हे प्रसिद्ध केलेला, त्यात दोन्ही पक्षांच्या लोकांना समोरच्यातले कट्टर लोक असतात त्याच्या जवळपास दुप्पट वाटत होते, आणि गंमत म्हणजे सतत बातम्या बघणाऱ्यांचा अंदाज जास्तच चुकलेला. हे सांग, पण तो जरा निवळल्यावर. त्याची भीती अगदीच हवेतली नसते हं, तेवढं मान्य कर. आणि ग्रुपवर चारचौघांत नको, सरळ फोन लाव.